पानावरील गुलाबी जिवाणू आणि त्यांच्यातील इलेक्ट्रॉन वाहणारी प्रथिने

द्राक्षबागांच्या व पानमळ्यांच्या गावांतून बोर्डो मिश्रण तयार करताना एक जुनी परीक्षा केली जाते. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी या प्रमाणात मिश्रण सिद्ध झाले, की घासून लखलखीत केलेले लोखंडी पाते त्यात थोडा वेळ बुडवून ठेवतात. पाते जसेच्या तसे राहिले, तर मिश्रण फवारणीस योग्य समजावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे जाणून चुन्याची निवळी आणखी घालावी. ही परीक्षा बहुतेक बागाइतदारांना ठाऊक असते; परंतु पात्यावर चढलेला तो तांबूस थर म्हणजे नेमके काय, याचा विचार फारसा होत नाही.

तो थर शुद्ध तांब्याचा असतो. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याचे जे कण असतात, त्यांच्यापाशी प्रत्येकी दोन ऋण विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, कमी असतात. लोखंडाच्या अणूजवळ ते सैलपणे धरलेले असतात. दोघांची गाठ पडताच लोखंड आपले इलेक्ट्रॉन तांब्याला देऊन टाकते. इलेक्ट्रॉन मिळालेले तांबे धातुरूपाने पात्यावर बसते व इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड द्रावणात विरघळते. मोरचुदाचे द्रावण लोखंडी बादलीत करू नये असे जे सांगितले जाते, त्याचे कारणही हेच. हिराकसाची गोष्ट अशीच आहे. पिशवी उघडी राहिली, की हिरवट हिराकस काही दिवसांनी तांबूस पिवळा पडतो. येथे लोहाने आपला एक इलेक्ट्रॉन हवेतील प्राणवायूला दिलेला असतो.

एका पदार्थाकडून दुसऱ्या पदार्थाकडे इलेक्ट्रॉनचे असे जाणे ही सर्व सजीवांच्या जीवनातील मूळची क्रिया आहे. बैल कडबा खातो, मनुष्य भाकरी खातो, जिवाणू साखर खातो. या सर्वांत शेवटी होते ते एवढेच, की अन्नातील इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात व ते प्राणवायूच्या स्वाधीन केले जातात. या प्रवासात जी शक्ती सुटते, तिच्यावर प्राणी जगतो. मात्र पात्यावर तांबे चढते तसे हे एका झटक्यात होऊ दिले, तर शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. म्हणून सजीव पेशी हा व्यवहार टप्प्याटप्प्याने करते, आणि प्रत्येक टप्प्यावर इलेक्ट्रॉन धरून पुढे देणारे एक प्रथिन उभे असते. त्या प्रथिनाच्या पोटात बहुधा लोहाचा किंवा तांब्याचा अणू बसविलेला असतो.

हा विषय प्रयोगशाळेतला वाटतो खरा. परंतु अवर्षणात पिकांवर फवारण्यासाठी गुलाबी जिवाणूंचे जे द्रवरूप संवर्धन मिळू लागले आहे, ते केव्हा फवारावे, कशात मिसळू नये, आणि त्याच्या नावाने कोणी दुसरेच काही विकू लागल्यास कसे ओळखावे, हे समजण्यास या प्रथिनांची थोडी ओळख असणे फार उपयोगी पडते.

पानावर मिथेनॉल कोठून येते

भुईमूग, सोयाबीन, कापूस, भात, ज्वारी, कोणत्याही पिकाचे निरोगी पान घेतले, तरी त्याच्या पृष्ठभागावर असंख्य जिवाणू राहत असतात. त्यांपैकी एका मोठ्या गटाचा रंग गुलाबी असतो. शास्त्रीय भाषेत त्यांच्या वंशाला मिथिलोबॅक्टेरियम म्हणतात. येथे एक घोटाळा टाळावा. भुईमुगाच्या मुळावरील गाठ चिरली असता आत जो गुलाबी रंग दिसतो, तो या जिवाणूंचा नव्हे. तो गाठीतील रक्तवर्णी प्रथिनाचा असतो. पानावरील जिवाणूंचा गुलाबी रंग गाजरातील रंगद्रव्याच्या जातीचा असून, उन्हाच्या माऱ्यापासून पेशीचे रक्षण करणे हे त्याचे काम होय.

पानाच्या उघड्या पृष्ठभागावर अन्न फारच थोडे असते. साखरेचा अंश कोठे कोठे झिरपतो, पण त्यावर शेकडो प्रकारच्या जिवाणूंची झुंबड असते. गुलाबी जिवाणूंनी आपला निर्वाह वेगळ्या मार्गाने साधला आहे. पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते तो पेक्टिन नावाचा पदार्थ प्रत्येक वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत असतो. कोवळे पान वाढते तेव्हा पेशींच्या भिंती सैल होतात व पुन्हा बांधल्या जातात, आणि त्या वेळी पेक्टिनपासून मिथेनॉल नावाचा मद्यार्क सुटा होतो. हा मद्यार्क पाण्यात सहज मिसळतो व सहज उडूनही जातो. पर्णरंध्रांतून तो बाहेर पडतो. रात्रभर मिटलेली रंध्रे सकाळी उघडतात तेव्हा त्याचा लोट विशेष असतो. कोवळ्या, वाढत्या पानांतून तो अधिक व जून पानांतून कमी निघतो. बहुतेक जिवाणूंना या मद्यार्काचा काहीच उपयोग नाही. गुलाबी जिवाणू मात्र त्याच्यावरच पोसले जातात. पिकाच्या दृष्टीने पाहिल्यास जे वाऱ्यावर जाणार होते, तेच यांचे अन्न.

हातोहात जाणारी घमेली

श्रमदानाने बांध घालताना माणसे ओळीने उभी राहतात व मातीची घमेली हातोहात पुढे जातात. गुलाबी जिवाणूच्या पेशीत इलेक्ट्रॉनची ने-आण अशीच होते. या जिवाणूला दोन आवरणे असतात. बाहेरचे व आतले आवरण यांच्यामध्ये एक अरुंद बोळ असतो. ओळीतील पहिली प्रथिने या बोळात असतात. अखेरचे प्रथिन आतील आवरणात रुतलेले असते.

ओळीच्या आरंभी उभे असते ते मिथेनॉल डिहायड्रोजनेज नावाचे वितंचक, ज्यास एन्झाइम असेही म्हणतात. ते चार तुकड्यांचे बनलेले असते, दोन मोठे व दोन लहान. मोठ्या तुकड्याची घडण आठ पात्यांच्या पंख्यासारखी असून पंख्याच्या मध्याशी, खोल खोबणीत, कॅल्शियमचा एक अणू व त्याला लागून पीक्यूक्यू या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा एक लहानसा रेणू बसलेला असतो. मिथेनॉलचा रेणू या खोबणीत शिरला, की त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात व ते पीक्यूक्यूकडे येतात. मिथेनॉलवर वाढणाऱ्या पेशीत या एकाच वितंचकाचे प्रमाण विद्राव्य प्रथिनांच्या १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. यावरून त्या पेशीच्या संसारात त्याचे महत्त्व किती, ते दिसून येते.

पुढचा गडी म्हणजे सायटोक्रोम सी-एल. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो, आणि तो एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उचलू शकतो. पहिल्याच्या हाती दोन घमेली आलेली, दुसऱ्याला एका वेळी एकच पेलते; म्हणून पहिल्याला आपला भार दोन खेपांत उतरवावा लागतो. इलेक्ट्रॉन मिळाला, की सायटोक्रोममधील लोह हिराकसातील लोहाच्या अवस्थेत येते. इलेक्ट्रॉन पुढे दिला, की ते पुन्हा गंजातील लोहासारखे होते. हिराकस एकदा तांबूस पडला की पिशवीत तसाच राहतो. येथे तोच लोहाणू क्षणोक्षणी इकडून तिकडे होत राहतो. सी-एलकडून इलेक्ट्रॉन सी-एच या दुसऱ्या सायटोक्रोमकडे जातो, व तेथून आतील आवरणात रुतलेल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजकडे. या अखेरच्या प्रथिनात लोह व तांबे दोन्ही असतात. तेथे चार इलेक्ट्रॉन जमले, की प्राणवायूच्या एका रेणूचे पाणी होते. या शेवटच्या उतारावर सुटलेली शक्ती प्रोटॉन नावाचे धनकण आवरणाबाहेर उपसण्यास वापरली जाते, व ते कण परत आत येताना पेशीची पाणचक्की फिरवितात.

सी-एल हे नाव कसेसेच वाटले, तरी त्यात काही गूढ नाही. दोन सायटोक्रोमांपैकी एकाचा विद्युत्भार-समतोल आम्लाकडे झुकलेला, दुसऱ्याचा अल्काकडे. पहिल्याला इंग्रजीतील ‘लो’चा एल व दुसऱ्याला ‘हाय’चा एच लावला, एवढेच. अधिक ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की मिथेनॉल डिहायड्रोजनेज आपला इलेक्ट्रॉन सी-एललाच देते, इतर कोणत्याही सायटोक्रोमला सहसा देत नाही. दोघांच्या पृष्ठभागांवरील धन व ऋण भार कुलूप-किल्लीसारखे जुळतात. परीक्षानळीतील द्रावणात मीठ वाढविले, की हे जुळणे सैल पडते व देवघेव मंदावते. यावरून खारपड जमिनीतील पिकांविषयी घाईने निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. परीक्षानळी निराळी आणि शेत निराळे.

या ओळीचा शोध सावकाश लागला. १९६१ साली पील व क्वेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी ज्या गुलाबी जिवाणूचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो मुळात ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत हवेतून येऊन पात्रात आपोआप वाढलेला होता. एएम-१ या नावाने तो आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. १९६४ मध्ये अँथनी व झॅटमन यांनी मिथेनॉल डिहायड्रोजनेजचे वर्णन केले. त्यातील इलेक्ट्रॉन धरणारा रेणू कोणता, हे कळण्यास मात्र १९७९ साल उजाडले. तोवर माहीत असलेल्या कोणत्याही जीवनसत्त्वाशी तो जुळत नव्हता.

अर्धवट पचनाचा धोका

दोन इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर मिथेनॉलचे फॉर्मॅल्डिहाइड होते. कोंबड्यांची घरे निर्जंतुक करण्यासाठी जे फॉर्मॅलिन वापरतात, ते याच पदार्थाचे द्रावण होय. म्हणजे हा जिवाणू आपल्या प्रत्येक घासाबरोबर जंतुनाशक तयार करतो आणि तरीही जगतो. तो ते साठू देत नाही. फॉर्मॅल्डिहाइड पेशीच्या आत येताच एक वितंचक त्यास एका वाहक रेणूशी बांधून टाकते. नंतर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, व त्याचा काही भाग शरीर बांधण्याकडे जातो, तर काहीचा कर्बवायू होतो.

या साखळीचे मोल किती, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगाने चांगले दाखविले. लसूणघासाच्या भाईबंदांपैकी एका झाडावर मूळ जिवाणू व साखळीतील एखादे प्रथिन काढून टाकलेला जिवाणू, असे दोन्ही सारख्या संख्येने एकत्र सोडण्यात आले. ज्याला मिथेनॉलचे फॉर्मॅल्डिहाइडच करता येत नव्हते, त्याचे प्रमाण पुढे एकूण जिवाणूंच्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर आले. ज्याला फॉर्मॅल्डिहाइड करता येत होते पण त्याचे पुढे काही करता येत नव्हते, तो याहूनही मागे पडला. अजिबात न खाणाऱ्यापेक्षा अर्धवट पचविणाऱ्याची दशा अधिक वाईट झाली. पानावरची जागा मिळविण्यात मिथेनॉलचा वाटा आहे हे या प्रयोगाने सिद्ध झाले. त्याचबरोबर साखळी अखंड असावी लागते हेही.

सेनेगल देशात तागाच्या वंशातील एका रानटी झाडाच्या मुळांवर याच कुळातील एक जिवाणू गाठी बांधतो व हवेतील नत्र स्थिर करतो, असे आढळून आले आहे. त्याच्यातील मिथेनॉल पचविण्याची शक्ती काढून घेतली असता गाठी कमी झाल्या व झाडाची वाढही घटली. आपल्या हिरवळीच्या तागाला हा निष्कर्ष तसाच लावता येणार नाही, कारण त्याच्या गाठी बांधणारे जिवाणू वेगळे आहेत.

निळे प्रथिन आणि दुर्मिळ मृदा

गुलाबी जिवाणू मिथेनॉलवरच अवलंबून असतो असे नाही. मिथिलअमाइन नावाच्या नत्रयुक्त पदार्थावरही तो वाढतो. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या अवशेषांच्या कुजण्यातून तो पदार्थ निर्माण होतो. त्या वेळी घमेल्यांची ओळ दुसरीच उभी राहते. आरंभी मिथिलअमाइन डिहायड्रोजनेज असते व त्याच्या शेजारी अमिसायनिन नावाचे लहानसे प्रथिन. अमिसायनिनच्या पोटात तांब्याचा एकच अणू असतो आणि त्यामुळे त्याचे द्रावण मोरचुदासारखे निळे दिसते. इलेक्ट्रॉन मिळाला की ते रंगहीन होते. पुढे दिला की पुन्हा निळे. बागाइतदाराच्या पात्यावर जे तांबे इलेक्ट्रॉन घेऊन कायमचे जमून बसले, तेच येथे प्रथिनाच्या मुठीत धरले गेल्यामुळे घेते व देतेही. १९९४ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशाच एका जिवाणूतील तीन प्रथिने, वितंचक, अमिसायनिन व त्यापुढील सायटोक्रोम, एकमेकांना चिकटलेल्या स्थितीत स्फटिकरूपात पाहिली. हातोहात देणारी माणसे जणू ओळीत उभी असतानाच टिपली गेली.

कॅल्शियमवर चालणारे मिथेनॉल डिहायड्रोजनेज हेच एकमेव आहे, असे सुमारे पन्नास वर्षे समजले जात होते. २०११ च्या सुमारास जपानी संशोधकांना असे आढळले, की याच जिवाणूंपाशी त्याच कामाचे दुसरेही एक वितंचक असून ते लँथनम, सेरियम यांसारख्या ‘दुर्मिळ मृदा’ म्हटल्या जाणाऱ्या धातूंवर चालते. पुढे २०१४ मध्ये इटलीतील सोल्फातारा येथील ज्वालामुखीच्या चिखलातून मिळालेल्या एका जिवाणूला या धातूंखेरीज वाढताच येत नाही, हेही दिसून आले. नाव दुर्मिळ असले तरी भूकवचातील सेरियमचे प्रमाण तांब्याच्या जवळपास असते, व जिवाणूस लागणारा अंश धुळीतून आणि मातीतून मिळू शकतो. तेव्हा दुर्मिळ मृदांचे खत म्हणून कोणी बाटली घेऊन आल्यास ती या जिवाणूंसाठी विकत घेण्याचे प्रयोजन नाही.

भाताच्या खाचरातही या साखळीचे काम चालते. पाणी साठलेल्या चिखलात मिथेन वायू तयार होतो, आणि भाताच्या मुळांपाशी, जेथे थोडा प्राणवायू झिरपतो तेथे, मिथेन खाणारे जिवाणू असतात. ते प्रथम मिथेनचे मिथेनॉल करतात व तेथून पुढे मिथेनॉल डिहायड्रोजनेज आणि सायटोक्रोम यांचा हाच मार्ग धरतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम भारतातील भातखाचरांमधून असे जिवाणू वेगळे करून वाढविण्यात आले आहेत.

मिथेनॉल पिकावर फवारू नये

जिवाणूला मिथेनॉल आवडते, तर पिकावर मिथेनॉलच का फवारू नये, असा प्रश्न सभेत हटकून विचारला जातो. प्रश्न अगदीच निराधार नाही. १९९२ साली अमेरिकेत नोनोमुरा व बेन्सन यांनी ॲरिझोनाच्या कडक उन्हात पिकांवर पातळ केलेले मिथेनॉल फवारून उत्पन्न वाढल्याचे जाहीर केले होते. बेन्सन हे प्रकाशसंश्लेषणातील कर्बाच्या मार्गाचा उलगडा करणाऱ्यांपैकी एक असल्याने या वार्तेला वजन प्राप्त झाले. परंतु नंतर ठिकठिकाणी घेतलेल्या चाचण्यांत तसा फायदा सातत्याने आढळला नाही, आणि तो मार्ग मागे पडला. प्रमाण चुकल्यास पाने करपतात, हे निराळेच.

मिथेनॉल फवारू नये याचे त्याहून मोठे कारण माणसाच्या शरीरात आहे. मिथेनॉल पोटात गेले, की यकृतातील वितंचक त्याचे फॉर्मॅल्डिहाइड व लगेच फॉर्मिक आम्ल करते. येथवर जिवाणूची वाट व मनुष्याची वाट सारखीच. पुढे मात्र जिवाणू फॉर्मिक आम्लाची झटपट विल्हेवाट लावतो, आणि मनुष्याच्या शरीरात ते काम फार सावकाश होते. आम्ल साठते व ते सायटोक्रोम ऑक्सिडेजला, म्हणजे ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या त्याच जातीच्या प्रथिनाला, अडवून धरते. प्राणवायू भोवती असून पेशीला तो घेता येत नाही. डोळ्याच्या मज्जातंतूला याचा तडाखा आधी बसतो. अवघे १० मिलिलिटर मिथेनॉलही कायमचे अंधत्व आणू शकते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. मिथेनॉल कातडीतून व श्वासावाटेही शरीरात शिरते; पाठीवर पंप घेऊन तासन्‌तास फवारणाऱ्या मजुराला ते किती घातक ठरेल याची कल्पना यावरून यावी. शिवाय ते भडका घेते, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही.

गावात कोणी असा मद्यार्क पिकासाठी आणलेला दिसल्यास ग्रामसेवकाने तो घरात व मुलांच्या हाती राहू देऊ नये. अपघाताने कोणाच्या पोटात गेल्यास, अथवा डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे कोणी सांगू लागल्यास, घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे व काय प्यायले गेले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लक्षणे काही तास उशिरा दिसतात. म्हणून आता बरे वाटते एवढ्यावर थांबू नये. पिकाला लागणारे मिथेनॉल पीक स्वतःच करते.

संवर्धन कसे वापरावे

गुलाबी जिवाणूंचे संवर्धन अवर्षणाच्या ताणात पिकास साह्यकारी म्हणून फवारण्याची शिफारस कोइमतूर येथील तामिळनाडू कृषी विद्यापीठाने केली आहे. हे जिवाणू वनस्पतींच्या वाढीस चालना देणारी सायटोकायनिनसारखी द्रव्ये निर्माण करतात, आणि ताण सोसण्यास त्यांचे साह्य होते. हा उपाय आधाराचा आहे. तो पाण्याची जागा घेणारा नाही. ज्या शेतात कोळपणी वेळेवर झाली नाही, सरी-वरंबा केला नाही, आच्छादन नाही, तेथे केवळ बाटलीवर भिस्त ठेवून काही साधणार नाही. पावसाचा खंड पडून पिकाने दुपारी माना टाकण्यास आरंभ केला असेल, पण पाने अजून जिवंत व हिरवी असतील, त्या वेळी फवारणी करावी. पार वाळलेल्या पानावर जिवाणूला ना ओलावा मिळतो, ना मिथेनॉल.

बाटलीत जिवंत पेशी आहेत, औषध नाही, हे पंपवाल्यास पुन्हापुन्हा सांगावे लागते. पंपात अगोदर बुरशीनाशक वापरले असल्यास तो स्वच्छ धुऊन घ्यावा. बोर्डो मिश्रण अथवा ताम्रयुक्त इतर कोणतेही बुरशीनाशक या संवर्धनाबरोबर कधीही मिसळू नये. दोन्ही फवारण्या आवश्यक असल्यास त्यांत बाटलीवर सांगितल्याइतके दिवसांचे अंतर ठेवावे. तांबे या जिवाणूंना हवे असते ते अणूअणूने, प्रथिनाच्या मुठीत बांधलेले. मोकळे तांबे पेशीत घुसले, की ते नको त्या ठिकाणी इलेक्ट्रॉन घेऊ-देऊ लागते, प्रथिनांची घडण बिघडवते आणि पेशी मरते. बुरशी मारण्याचा बोर्डोचा गुण तोच आहे. तो मित्र-शत्रू पाहत नाही. रोगाची लागण झालेल्या बागेत बुरशीनाशकाची फवारणी जिवाणूंसाठी पुढे ढकलणे मात्र चूक होय. तेथे रोगाचा बंदोबस्त आधी करावा.

फवारणी सकाळी लवकर अथवा सायंकाळी उन्हे उतरल्यावर करावी. पानांच्या दोन्ही बाजू ओल्या होतील असे पाहावे, कारण पर्णरंध्रे अनेक पिकांत खालच्या बाजूस अधिक असतात. बाटली पत्र्याच्या छपराखाली, मोटारसायकलच्या डिकीत किंवा खताच्या पोत्यांवर ठेवू नये. सावलीत, थंड जागी ठेवावी. या जिवाणूंना साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता मानवते. उन्हाळ्यात बंद खोलीतील तापमान याच्या कितीतरी वर जाते. मुदत संपलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. पाण्यात किती प्रमाणात मिसळावयाचे ते बाटलीवरील सूचनेप्रमाणेच ठरवावे. तिप्पट घातल्याने गुण तिप्पट येत नाही.

पानावर गुलाबी जिवाणू खरोखर असतात का, अशी शंका शेतकऱ्यांनी काढल्यास ती त्यांच्याच शेतातील पानाने दूर करता येते. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, ज्यात कर्बाचा पुरवठा केवळ मिथेनॉलमधून होतो अशा घट्ट माध्यमाच्या बशीवर ताजे पान हलकेच दाबून उचलून घेतात. सुमारे आठवडाभरात पानाचा आकार उमटावा तसे गुलाबी ठिपके बशीवर उगवतात. भुईमुगाची चार दले ओळखू येतील इतके स्पष्ट. हा प्रयोग प्रयोगशाळेतच करवून घ्यावा व तयार बशी झाकणासह शेतकरी मेळाव्यात दाखवावी. माध्यमासाठी म्हणून मिथेनॉल गावात आणण्याचे कारण नाही.

फवारणीचा गुण मात्र बशीवर ठरत नाही, तो शेतातच पाहावा लागतो. त्यासाठी एकाच वाणाच्या, एकाच दिवशी पेरलेल्या पिकातील काही ओळींवर संवर्धन फवारावे, काहींवर तेवढेच साधे पाणी, आणि काही ओळी तशाच सोडाव्यात. नुसत्या पाण्याच्या ओळी वगळू नयेत, कारण दुष्काळात पानावर पडलेले पाणीही थोडा गुण देते व त्याचे श्रेय बाटलीला जाते. ओळींच्या टोकांना खुंट्या ठोकून खुणा कराव्यात, उताराच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही भागांत प्रत्येक प्रकारच्या ओळी येतील असे पाहावे, आणि काढणीच्या वेळी प्रत्येक प्रकारचा माल वेगळा तोलून फवारणीच्या तारखेसह व पावसाच्या नोंदीसह वहीत लिहावा. फरक आढळला नाही, तरी तोही लिहून ठेवावा.